शिडी कोण धरतंय

भोंगेवाल्यानं आयुष्यात ढीगभर भाषणं ऐकली, पण एकही समोरून नाही. त्याची जागा व्यासपीठाच्या मागे, मशीनजवळ. मशीन म्हणजे आवाज मोठा करणारी लोखंडी पेटी. लोकांना वक्त्याचं तोंड दिसे. याला त्याची मान दिसे, घामानं पाठीला चिकटलेला सदरा दिसे आणि पाठीमागे धरलेल्या हातांची चाललेली चुळबुळ दिसे. तोंड रडवेलं असताना हात निवांत अंगठीशी खेळताहेत, हे त्यानं इतक्यांदा पाहिलं होतं की बोलणाऱ्यावर विश्वास ठेवायची त्याची सवयच मोडली होती.

काम मात्र चोख. वायर जमिनीवर लोळलेली त्याला खपत नसे. एखादा जोड उघडा राहिला तर घास गोड लागत नसे. भोंगा असा बांधायचा की मागच्या कोपऱ्यातल्या बहिऱ्याला ऐकू यावं आणि पुढच्या रांगेत मांडीवर झोपलेलं पोर दचकू नये. भोंगा जड असतो. खांबावर एका हातानं तो तोलायचा आणि दुसऱ्या हातानं दोरीचे वेढे मारायचे. शिडी सांभाळायला तिसरा हात नसतो, म्हणून खाली धरणारा माणूस लागतो. शिडी धरणारा पक्का असेल तर निम्मं काम झालं, असं तो म्हणायचा. या शिडीनंच पुढे त्याचा घात केला, म्हणून आधीच सांगून ठेवलं.

घर दोन खोल्यांचं. बाहेरच्या खोलीत खाटेखाली भोंगे, खुंट्यांवर वायरीची वेटोळी, कोपऱ्यात बॅटऱ्या. थोरली बहीण, अक्का, विधवा झाल्यापासून त्याच्याकडेच होती. "या घरात माणसांपेक्षा भोंगे जास्त," ती म्हणायची, "आणि भोंगेच कमी बोलतात." बायको तीन वर्षांपूर्वी गेली. एकुलती लेक गोण्या शिवायच्या कारखान्यात होती. वाकड्या सुईनं दिवसभर सुतळी ओढून तिच्या बोटांना घट्टे पडले होते आणि जीभ सुईपेक्षा तिखट झाली होती.

डोंगरात बंडखोर होते. त्यांना कोणी बंडखोर म्हणत नसे, 'वरचे' म्हणत. सरकारी फौज म्हणजे 'खालचे'. बरीच वर्षं दोघांची मारामारी चालली. मग बोलणी सुरू झाली. बोलणी चालू आहेत तोवर गोळी कोणी झाडायची नाही, सभा मात्र दोघांनी घ्यायच्या, असं ठरलं. सगळ्या टापूत धड चालणारं मशीन एकच, भोंगेवाल्याचं. त्यामुळं एका बाजाराला वरच्यांची सभा, पुढच्या बाजाराला खालच्यांची, आणि भोंगे तेच.

वरच्यांच्या पुढाऱ्याला सगळे 'थोरले' म्हणत. अंगानं किरकोळ, केस पांढरे, जाड भिंगांचा चष्मा. पहिल्या सभेला ते इतकं हळू बोलायला लागले की भोंगेवाल्याचा हात आपसूक बटणाकडे गेला.

"वाढवू नका," शेजारी उभा असलेला माणूस म्हणाला. "लोकांना पुढं सरकू द्या."

आणि लोक खरंच पुढं सरकले. कान टवकारले, पोरांना गप्प केलं. मग थोरल्यांनी चष्मा काढला, घडी करून खिशात घातला. "काचेआडून बघायला तुम्ही काय परके आहात?" टाळ्यांचा कडकडाट झाला. भोंगेवाल्यालाही बरं वाटलं. पण उतरताना थोरल्यांना पायरी दिसेना, दोघांनी त्यांचं कोपर धरून खाली आणलं. दुसऱ्या गावात पुन्हा चष्मा निघाला, पुन्हा परके आहात का, पुन्हा टाळ्या. तिसऱ्या गावात चष्मा निघायच्या आधीच भोंगेवाला आवाज दोन रेघा खाली घ्यायला शिकला. टाळ्यांत भोंगा शिटी मारतो म्हणून.

चष्म्यानंतर म्हातारी यायची. तहानेनं जीव चाललेल्या थोरल्यांना तिनं आपल्या वाटचं पाणी दिलेलं असायचं. विहिरीच्या गावात ती विहिरीवर भेटे, रस्त्याच्या गावात वळणावर. म्हातारीनंतर त्या त्या गावातलं मेलेलं माणूस. कुठं पुलावरून पडलेला गवंडी, कुठं शाळेच्या भिंतीखाली सापडलेली मास्तरीण. "नाव घेत नाही," थोरले म्हणत, "नाव घेतलं की कंठ दाटतो." मग लांब थांबत. मग विचारत, "हे कोणी केलं? मी नाही सांगणार. तुम्ही सांगा!" गर्दी ओरडे, "खालच्यांनी!" शेवटी हात जोडून, "मला मत नको, देणगी नको. तुमच्यातलं एक माणूस द्या." तेवढ्यावर तरणी पोरं व्यासपीठावर चढायची. गळ्यात कापड बांधलं की मागच्या बाजूनं ट्रकमध्ये. ट्रक तडक डोंगराकडे. परत आलेलं कोणी भोंगेवाल्यानं अजून पाहिलं नव्हतं.

गावोगावचं मेलेलं माणूस थोरल्यांना कसं सापडतं, हेही त्याला लवकरच कळलं. 'वाढवू नका' म्हणणारा माणूस सभेच्या आदल्या दिवशीच गावात यायचा. न्हाव्याकडे बसायचा, चहाच्या टपरीवर बसायचा. बोलायला गोड, ऐकायला त्याहून गोड. भोंगेवाल्यानं मनातल्या मनात त्याचं नाव चौकश्या ठेवलं होतं.

हे सगळं त्याला चालत होतं. लोकांची पोरं जात होती तोवर चालत होतं, असंही म्हणता येईल. पण एके दिवशी लेक कारखान्यातून आली, हातपाय धुतले आणि उभ्या उभ्या म्हणाली, "आपल्या गावात थोरल्यांची सभा आहे म्हणे. मी चढणार."

अक्काच्या हातातलं ताट खाली आदळलं. "कुठं चढणार, बाई?"

"व्यासपीठावर."

"आणि मग?"

"मग ट्रकमध्ये, आत्या. सगळे जातात तिथं."

भोंगेवाला वायर गुंडाळत होता. तो थांबला नाही, हात चालूच ठेवले. "ते जे बोलतात ते खरं नसतं," तो म्हणाला.

"तुम्हाला कोणाचं खरं वाटतं, बाबा? खालच्यांचं?"

"कोणाचंच नाही."

"मग दोघांना भोंगे कशाला देता?"

याला त्याच्याकडे उत्तर होतं, पण ते पोटाचं होतं, आणि पोटाचं उत्तर लेकीसमोर तोंडातून निघत नाही. तो एवढंच म्हणाला, "आपल्या गावाआधी पलीकडच्या गावात सभा आहे. माझ्याबरोबर चल. मागून ऐक. मग ठरव."

त्याला वाटलं होतं, एकदा मागची बाजू दिसली की तिचे डोळे उघडतील. ती आली. तिनं वायर ओढली, गाठी मारल्या आणि ती मशीनजवळ पालथ्या डब्यावर बसली. चष्मा निघाला. म्हातारी आली. त्या गावातला मेलेला नावाडी आला. भोंगेवाला प्रत्येक वाक्याच्या आधी तिच्या कानाशी ते वाक्य सांगत होता. पहिला पोरगा चढला तेव्हा तो म्हणाला, "हा दर गावात पहिला चढतो. फक्त सदरा बदलतो."

परतताना ती वायरीचं वेटोळं बोटांनी चाचपत होती. तो मनात म्हणाला, लागू पडलं औषध.

"बाबा," ती म्हणाली, "सगळीकडं दुःख सारखंच आहे, तर भाषण वेगळं कुठून आणतील?"

"अगं, तो पोरगा..."

"पहिल्यांदा चढायची सगळ्यांनाच लाज वाटते. तो वाट करून देतो. तुम्ही नाही का माईकमध्ये आधी एक-दोन-तीन म्हणत?"

घरी आल्यावर अक्का त्याला बाजूला घेऊन म्हणाली, "तू तिला दाखवायला नेलंस की भरती करायला?"

आता बायकोचं सांगायला हवं. तीन वर्षांपूर्वी तिच्या पोटात दुखायला लागलं. पहाटे टेम्पो मिळाला. मागे ताडपत्रीखाली आई आणि आईचं डोकं मांडीवर घेऊन लेक. पुढे ड्रायव्हरजवळ भोंगेवाला. धुकं दाट. दवाखान्याच्या अलीकडं वळणावर रस्त्यात झाड आडवं. भोंगेवाला उतरला. झाडापाशी पाचसहा जण उभे होते, त्यातल्या दोघांच्या हातात करवत होती आणि करवतीला ओला भुसा. कपड्यांवरून कळत होतं, वरचेच. खालच्यांच्या गाड्या अडवायला त्यांनी रस्ता बंद केला होता. त्यानं पाय धरले. "आज कोणालाच सोडायचं नाही, हुकूम आहे," एवढंच उत्तर. टेम्पो उलटा फिरवून नदीच्या रस्त्यानं घातला. त्या रस्त्यानं वेळ गेला आणि बायकोही गेली.

लेकीला त्यानं सांगितलं, झाड पडलं होतं. तिच्या जिभेला कुलूप नव्हतं. कारखान्यात बोलली असती, आणि वरच्यांचे कान कारखान्यात होतेच. ती कधीमधी म्हणायची, "त्या दिवशी एक जण तरी माणूस होता." त्याला वाटायचं, ती ड्रायव्हरबद्दल बोलते.

सभेच्या आदल्या दिवशी कारखान्यासमोरच्या मैदानात तो भोंगे बांधायला गेला. नेहमीचा शिडीवाला आजारी होता. लेक कारखान्यात. तो शिडी लावून उभा होता तेवढ्यात चौकश्या आला. "मी धरतो ना. त्यात काय!"

आणि खरं सांगायचं तर त्यानं शिडी फार छान धरली. पाय लावून, दोन्ही हातांनी, इकडं तिकडं न बघता. वर भोंगेवाल्याच्या एका हातात भोंगा, दुसऱ्या हातात दोरी, दातात दोरीचं टोक. जीव सगळा खालच्या माणसाच्या हातात. अशा वेळी शिडी धरणाऱ्यानं विचारलं तर चढलेला माणूस उत्तर देतो. उगाच. शिडी हलू नये म्हणून.

"घरी कोण कोण?"

"बहीण. लेक."

"आणि मंडळी?"

दोरीचं टोक दातातून सोडून तो म्हणाला, "गेली. तीन वर्षं झाली."

"अरेरे. आजारी होत्या?"

"पोटात दुखत होतं. दवाखान्यात नेत होतो. रस्त्यात झाड पाडलेलं होतं."

बोलून गेला आणि मग त्याच्या लक्षात आलं, घरी आपण 'पडलं' म्हणतो. त्यानं खाली पाहिलं. चौकश्या वर बघत नव्हता, शिडीच्या पायाकडं बघत होता. "वळणावर?" त्यानं विचारलं.

"हो."

"पहाटे?"

पहाट तर आपण सांगितलीच नव्हती. भोंगेवाल्याचा हात दोरीवर थबकला. "सकाळी कधीतरी," तो म्हणाला.

"हलकेच उतरा," चौकश्या म्हणाला.

त्या रात्री त्यानं अक्कालाही काही सांगितलं नाही. सकाळी लेकीनं दोन कपडे पिशवीत भरले तेव्हा त्यानं फक्त विचारलं, "स्वेटर घेतलास का?" अक्का त्याच्याकडे बघतच राहिली. पण त्याला दुसरं काही सुचलंच नाही. झाडाचं खरं आता सांगावं, तर पोरगी म्हणणार, तीन वर्षं गप्प होतात आणि नेमकं आजच बरं आठवलं.

मैदान भरलं. पोरी कारखान्यातूनच रांगेनं आल्या, लेक त्यांच्यात, पायऱ्यांच्या अगदी जवळ. भोंगेवाला मशीनमागे, चौकश्या त्याच्या शेजारी. थोरले हळू बोलू लागले, लोक पुढं सरकले. चष्मा निघाला. इथं विहीरही नव्हती आणि वळणही नव्हतं, म्हणून म्हातारी कारखान्याच्या फाटकापाशी भेटली.

"आणि याच गावात," थोरले म्हणाले, "एक माऊली होती. नाव घेत नाही. नाव घेतलं की कंठ दाटतो."

भोंगेवाल्यानं मशीनवरून मान वर केली.

"पोटातल्या कळांनी तळमळत होती. पहाट होती. धुकं होतं. धनी तिला टेम्पोतून दवाखान्यात नेत होता. आणि वळणावर रस्त्यात काय होतं? झाड! मी विचारतो, हिरवं झाड आपोआप आडवं पडतं का?"

"नाही!"

"कोणी पाडलं? मी नाही सांगणार!"

"खालच्यांनी!"

काल शिडीवरून खाली टाकलेलं आपलंच बोलणं, न सांगितलेलं धुकं आणि टेम्पो जोडून, आपल्याच भोंग्यांतून येत होतं, आणि आवाज इतका स्वच्छ की मागच्या कोपऱ्यापर्यंत एक अक्षर सांडत नव्हतं. गर्दीतून लेकीनं मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. त्या नजरेत एकच गोष्ट होती: तुम्ही तर म्हणाला होतात, पडलं. मग ती पुढं निघाली. पिशवी काखेत मारून पहिल्या पायरीवर पाय ठेवला. आज सदरा बदलणाऱ्या पोराची वाट बघायचीही तिला गरज उरली नव्हती.

भोंगेवाल्यानं बटणाला हात घातला. आयुष्यात त्यानं कोणाचा आवाज मध्येच बंद केला नव्हता. शत्रूचंही वाक्य पुरं होऊ द्यायचं, ही त्याच्या कामाची अब्रू होती. आज ती अब्रू गेली खड्ड्यात. आवाज बंद करायचा, गोंधळ होईल, तेवढ्यात पायऱ्यांवरून पोरगी ओढायची. एवढाच बेत. पण चौकश्यानं त्याचं मनगट धरलं. शिडी धरली होती तसंच, पक्कं.

"असू द्या," तो हसत म्हणाला. "आता तर रंगात आलेत."

म्हणून पुढचं वाक्य बाहेर पडलं.

"ताडपत्रीतून एक हात बाहेर आला," थोरले म्हणाले. आता आवाज चढला होता. "पोरीचा कोवळा हात! 'माझ्या आईला पाणी द्या' म्हणाली. आणि त्या निर्दयांनी काय केलं? तिच्या डोळ्यांदेखत बाटली जमिनीवर रिकामी केली!"

मैदान पेटलं. मुठी वर गेल्या. भोंगेवाला गोंधळला. हात? पाणी? हेही त्यानं सांगितलं नव्हतं. हे त्याला ठाऊकही नव्हतं.

लेक वरच्या पायरीवर थांबली होती. मागच्या पोरी तिला ढकलत होत्या, "चल ना गं!" ती हलेना. तिनं आपल्या उजव्या हाताकडं पाहिलं, मग माईकसमोरच्या पांढऱ्या केसांच्या माणसाकडं, चांगलं निरखून. थोरल्यांना ती दिसली नसावी. चष्मा खिशात होता. मग ती वळली आणि चढणाऱ्यांच्या विरुद्ध, कोपरं मारत खाली आली. कोणीतरी म्हणालं, "घाबरली वाटतं." कोणीतरी हसलं. ती सरळ मशीनमागे येऊन पालथ्या डब्यावर बसली. चौकश्यानं भोंगेवाल्याचं मनगट सोडलं.

सभा संपली, ट्रक गेला, मैदानात चपला तेवढ्या उरल्या. बापलेक वायर गुंडाळायला लागले. कोपराभोवती वेढा, अंगठ्यात अडकवायचा, पुन्हा वेढा.

"पाण्याचं त्यांना तुम्ही सांगितलंत?" तिनं हळूच विचारलं.

"मला माहीतच नव्हतं."

"मीही कोणाला सांगितलं नाही. आत्यालासुद्धा नाही." दोन वेढे तसेच गेले. "बाटली ओतली नाही, बाबा. दिली. घोट घोट आईला पाजेपर्यंत बाहेरच्यानं धरून ठेवली. म्हणाला, 'ताई, इथं थांबू नका, नदीच्या रस्त्यानं जा.' मला त्याचं तोंड दिसलं नाही. मला वाटलं, आपल्यासारखाच कोणी अडकलेला असेल. एक जण तरी माणूस होता, असं मी धरून चालले होते."

भोंगेवाल्याचे हात थांबले.

"आता तुम्हीच सांगा," ती म्हणाली. "मी मागितलेलं पाणी मला ठाऊक, आणि देणाऱ्याला ठाऊक. मग थोरल्यांना कोणी सांगितलं?"

झाडापाशी वरच्यांशिवाय कोणी नव्हतं. करवतीचा ओला भुसा त्याच्या डोळ्यांपुढे होता.

"तुम्ही खाली उतरला होतात. तुम्ही त्यांना पाहिलंत."

"पाहिलं."

"आणि मला सांगितलंत, पडलं."

"तू बोलली असतीस."

"बोलले असते."

"म्हणूनच."

ती हसली, पण ते हसू काही बरं नव्हतं. "म्हणजे एक खोटं त्यांनी सांगितलं आणि एक तुम्ही. त्यांचं निदान सगळ्या गावाला तरी ऐकू आलं."

चौकश्या शेवटच्या गाडीनं निघाला होता. जाता जाता जवळ आला. "पोरगी चढली होती ना?"

"चक्कर आली तिला," भोंगेवाला म्हणाला.

"अस्सं." त्यानं लेकीकडं पाहिलं, तिच्या हाताकडं जरा जास्तच पाहिलं. "आईची आठवण आली असेल. थोरले तिच्याविषयी बोलले. बरं वाटलं ना?"

भोंगेवाला वायरीची गाठ आवळत म्हणाला, "आवाज सगळीकडं नीट गेला."

"गेला ना," चौकश्या म्हणाला आणि निघाला. त्याला काय कळलं, किती कळलं, हे बापलेकीनं घरी जाऊन अक्कासमोर पुन्हा पुन्हा तपासलं. उत्तर सापडलं नाही. त्या दिवसापासून दाराची कडी दिवसासुद्धा लागायला लागली.

लेकीनं कारखाना सोडला नाही, पण सभेच्या दिवशी रजा टाकून बापाबरोबर यायला लागली. बापाशी बोलणं कामापुरतंच. त्यानं मारलेली गाठ ती स्वतः एकदा ओढून बघायची. त्याला ते लागायचं. इतक्या वर्षांत त्याची गाठ कोणी तपासली नव्हती. पण तो पुढची गाठ मारायला घ्यायचा. गाठ तपासून घ्यायची पाळी आपणच आणली, हे त्याला कळत होतं.

पुढच्या बाजाराला खालच्यांची सभा होती. त्याच मैदानात, त्याच खांबांवर. भोंगेवाला भोंगा खांद्यावर घेऊन शिडीपाशी आला तर इस्त्रीच्या कपड्यातला एक हसतमुख माणूस आधीच तिथं. "चढा चढा, काका. शिडी मी धरतो. आणि घरी कोण कोण असतं आपल्या?"

भोंगेवाला पायरीवर पाय ठेवून थांबला.

"शिडी मी धरते," मागून लेक म्हणाली. तिनं त्या माणसाचा हात बाजूला केला, स्वतःचा पाय शिडीला लावला. "तुम्ही तिकडं सावलीत बसा. ऊन फार आहे."

तो माणूस हसत बाजूला झाला. पण सावलीत गेला नाही. ऐकू येईल एवढ्या अंतरावर उभा राहिला. भोंगेवाला वर चढला, दोरीचं टोक दातात धरलं आणि काम होईपर्यंत सोडलं नाही.